ड्रायव्हर : यंत्रातला दुभाषी

गडहिंग्लजच्या एका शाळेत गेलो होतो. संगणकवर्गातल्या दहा यंत्रांपैकी एक कोपऱ्यात झाकून ठेवले होते. शिक्षक म्हणाले, "सर, बिघडलेलं नाही. विंडोज नव्याने टाकली, तेव्हापासून इंटरनेट लागत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हवा आणि तो मिळतो इंटरनेटवरच!" किल्ली घरात आणि दार बंद, अशी ही गत. चांगले यंत्र अशा कारणाने भंगारात जाऊ शकते, म्हणून ड्रायव्हरचा इतिहास थोडा समजून घेऊ.

'ही ओळ छाप' एवढेच संगणकाची मूळ प्रणाली सांगते. पण प्रत्येक प्रिंटरची संकेतभाषा वेगळी. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर, एक छोटी आज्ञावली. १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिताना यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला. १९८३ साली डॉसच्या २.० आवृत्तीत वापरणाऱ्याला बाहेरून ड्रायव्हर जोडण्याची सोय झाली. तरीही डॉसच्या काळात लेखनाच्या आज्ञावल्या प्रिंटरचे ड्रायव्हर आपापल्या फ्लॉपीवर घेऊन येत. फ्लॉपी खराब झाली, की छपाई थांबे.

देवनागरीपुढे तर दुहेरी अडचण होती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) पुढे नेले आणि 'जिस्ट' कार्ड तयार झाले. हे कार्ड संगणकात बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावलीतही मराठी अक्षरे उमटत. आज्ञावलीला दिसत ते फक्त संकेतांक. त्यांची जोडाक्षरे जुळवून पडद्यावर काढण्याचे काम कार्ड करी. दुभाष्याचे काम इथे चक्क एका पाटीवरच्या चिप्स करीत होत्या. या संकेतांकांचे 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ साली ठरले.

दुभाषी कोणाच्या ताब्यात, हा प्रश्नही जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेसर प्रिंटर आला. कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत बदल करायचा होता. पण मूळ मजकूर मिळेना. या अनुभवाचाही वाटा असलेली मुक्त आज्ञावलीची चळवळ त्यांनी १९८३ मध्ये सुरू केली. आज लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीबरोबरच येतात, त्याचे मूळ या विचारात आहे.

१९९५ च्या विंडोजने जोडलेले उपकरण आपोआप ओळखण्याची सोय आणली. २००१ च्या एक्सपीमध्ये नवा ड्रायव्हर त्रास देऊ लागला तर मागच्यावर परतण्याचा मार्ग आला. ही सोय का लागते? कारण बरेच ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालतात. तिथली चूक सारे यंत्र बंद पाडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल गाभ्यातल्या तिच्या ड्रायव्हरने वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभर सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

तेव्हा 'नवे ते चांगले' हा नियम इथे सरसकट लागू नाही. यंत्र नीट चालत असेल, तर सुरक्षेचे कारण असल्याशिवाय ड्रायव्हर बदलू नये. बदलायचाच, तर आधी जुन्याची प्रत ठेवावी. विंडोज १० पासून 'पीएनपीयूटिल' या अंगभूत साधनाने बाहेरून बसवलेले सारे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून घेता येतात. 'फुकट अपडेट' देऊ करणाऱ्या अनोळखी आज्ञावल्यांपासून मात्र दूर राहावे. ड्रायव्हर उपकरणाच्या उत्पादकाकडूनच घ्यावा.

गडहिंग्लजच्या त्या शाळेत उपाय शेजारच्याच टेबलावर होता. उरलेली नऊ यंत्रे त्याच बनावटीची होती. एकातून ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवले, बंद यंत्रात घातले आणि इंटरनेट सुरू झाले. तो पेन ड्राइव्ह आता यंत्रांच्या मॉडेल क्रमांकांच्या यादीसह शाळेच्या कपाटात आहे. आपल्या शाळेतही असा एक असू द्या. यादी करण्याचे काम मुले आनंदाने करतील.