शनिवारची रात्र महाग का?

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. मुलांना घेऊन एका थीम पार्कला जायचं, रात्री तिथल्याच हॉटेलात राहायचं, असा बेत होता. "अरे दादा, तीच खोली, तोच पलंग, तोच नाश्ता. मंगळवारी एक भाव आणि शनिवारी जवळजवळ दीडपट! शनिवारी काय खोलीला जादा खिडकी लावतात का?"

ती बँकेत आहे. म्हणजे रविवार आणि महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. मेव्हणे भोसरीतल्या एका कंपनीत. पुण्याकडच्या मंडळींना माहीत आहे, तिथे आठवडी सुट्टी गुरुवारी. मुलांच्या शाळेला रविवार. असं हे चौघांचं घर. खिडकीचं तिनं गमतीत विचारलं, पण हा दीडपट भाव आला कुठून, ते जरा मागे जाऊन बघण्यासारखं आहे. पोस्ट लांबेल, आधीच सांगतो.

आधी सुट्टीबद्दल. रविवार आपल्याला कुणी आंदण दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना हक्काची आठवडी सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू' चालवलं, सभा घेतल्या, अर्ज केले. 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे एका दिवसासाठी सहा वर्षं. अमेरिकेत शनिवारही मिळायला आणखी वेळ लागला. हेन्री फोर्डने 1926 मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला आणि 1938 च्या कायद्यानंतर चाळीस तासांचा आठवडा रुळला. फोर्ड काही संत नव्हता. कामगाराला मोकळा वेळ असेल तर तो मोटार घेईल, फिरेल, पैसे खर्च करेल, हे त्याला कळत होतं.

आणि झालंही तसंच. मोटार आली, रस्ते आले, शनिवार-रविवार आला. मग 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड उघडलं.

आता गंमत बघा. पार्क वॉल्ट डिस्नेचं, पण शेजारचं डिस्नेलँड हॉटेल त्याचं नव्हतं! पार्क उभारतानाच त्याचे पैसे संपले होते. म्हणून टीव्ही निर्माता जॅक रॅदर याला त्याने हॉटेल बांधायला राजी केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सुरू झालं आणि डिस्ने कंपनीच्या ताब्यात यायला 1988 उजाडलं. तोवर पार्कच्या भोवती मोटेलांची रांग लागली होती. गर्दी वॉल्टने जमवायची आणि रात्रीचे पैसे शेजाऱ्यांनी घ्यायचे. हे त्याला फार लागलं.

फ्लोरिडात त्याने ही चूक केली नाही. साठच्या दशकात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप सुमारे 27 हजार एकर जमीन घेतली. 1965 च्या ऑक्टोबरमध्ये ऑरलँडोच्या वर्तमानपत्राने खरा गिऱ्हाईक कोण ते फोडलं, तोवर काम झालं होतं. 1967 मध्ये राज्याने तिथे रस्ते, पाणी, बांधकाम परवानग्या बघणारं स्वतंत्र प्राधिकरणच करून दिलं. वॉल्ट ते बघायला नव्हता, 1966 च्या डिसेंबरात तो गेला. 1 ऑक्टोबर 1971 ला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, तेव्हा पार्कसोबत कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलं पहिल्या दिवसापासून होती. पार्कच्या दारापासून मैलोन् मैल जमीन एकाच मालकाची. समोरच्या मोटेलात जाऊ म्हणायची सोय नाही, कारण समोर मोटेलच नाही. माझ्या मते शनिवारच्या भावाची गोष्ट खरी इथे सुरू होते. भाव वाढवायचा तर गिऱ्हाइकाला बाजूचा दरवाजा असता कामा नये.

तरी तेव्हा वाराप्रमाणे तिकीट नव्हतं. प्रौढाचा प्रवेश साडेतीन डॉलर, झोपाळे-गाड्यांची कुपनं वेगळी. सोमवारी गेलात काय, रविवारी गेलात काय, तेच.

ही विद्या आली विमानांकडून. 1972 मध्ये ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधल्या केन लिटलवूड यांनी एक साधा नियम मांडला: स्वस्त तिकीट आत्ता विकायचं, की उशिरा येणाऱ्या पैसेवाल्यासाठी जागा राखायची, याचा हिशोब. 1978 मध्ये अमेरिकेने विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण काढलं आणि या हिशोबाला पंख फुटले. पीपल एक्स्प्रेस नावाच्या स्वस्त कंपनीने धुमाकूळ घातला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने 1985 च्या जानेवारीत त्याच विमानात थोड्या खुर्च्या स्वस्त, बाकी महाग असं करून उत्तर दिलं. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्या काळच्या स्वस्त तिकिटांवर बऱ्याचदा एक अट असे: शनिवारची रात्र तिकडे काढायची. का? कारण धंद्यासाठी आलेला माणूस शनिवारी घरी जातो आणि त्याचं भाडं कंपनी भरते. म्हणजे शनिवार ही गिऱ्हाईक ओळखायची चाळणी होती.

तिथे शनिवारवाला स्वस्तात जायचा, हे लक्षात घ्या. मॅरियटने हे तंत्र हॉटेलांत आणलं. शहरातल्या ऑफिसवाल्या भागातली हॉटेलं आजही शनिवार-रविवारी स्वस्त मिळतात, कारण साहेब लोक घरी असतात. चाळणी तीच, फक्त पार्कच्या हॉटेलात ती उलटी धरली. इथे शनिवारी येतो तो नोकरदार, पोरंबाळं घेऊन, आणि त्याला दुसरा दिवस नसतो.

डिस्नेत 1984 मध्ये मायकल आइसनर आल्यावर हॉटेलांची रांगच लागली. 1988 मध्ये ग्रँड फ्लोरिडियन, 1994 मध्ये बेताच्या खिशासाठी ऑल-स्टार. आज त्यांच्या दरपत्रकात तारखेगणिक आकडा असतो आणि एकाच आठवड्यात शुक्रवार-शनिवारच्या रात्री बऱ्याचदा वर चढलेल्या दिसतात. पार्कचं एका दिवसाचं तिकीट 2016 मध्ये तीन भावांत विभागलं, 2018 मध्ये डिस्ने वर्ल्डला ते तारखेवर गेलं. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात सर्वांत गर्दीच्या दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे गेलं. फ्लोरिडातल्या रहिवाशांसाठी जो सर्वांत स्वस्त वार्षिक पास आहे, त्यात शनिवार-रविवार बहुतेक बंदच.

यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. भाव आधी दिसतो, खोल्या मोजक्या, शनिवारी मागणारे शंभर आणि मंगळवारी वीस. भाव सारखा ठेवला तर शनिवारी खोली मिळणार ती तीन महिने आधी जागा अडवणाऱ्याला. पण "मंगळवारी या की, स्वस्त आहे" हे ज्याला सांगता येतं तो कोण? रजा मागावी लागत नाही असा. शिक्षक, बँकेतली बाई, दुकानातला नोकर यांना मंगळवार स्वस्त असून उपयोग काय?

आणि आपल्याकडे यात सरकारचाही हात आहे, ते फारसं कुणी बोलत नाही. खोलीचा एका रात्रीचा भाव 7500 रुपयांपर्यंत असेल तर सध्या जीएसटी 5 टक्के, त्यावर गेला की 18. समजा मंगळवारी खोली 6500 ला आहे. करासकट 6825. तीच शनिवारी 9000 झाली, की करासकट 10620. हॉटेलने भाव वाढवला 38 टक्के, तुमच्या खिशातून गेले सुमारे 56 टक्के जादा. खोली तीच, माणसं तीच, वार बदलला म्हणून कराचा टप्पाही बदलला. चैनीवर जास्त कर म्हणून हा टप्पा ठेवला असणार, पण शनिवारची खोली कोणत्या हिशोबाने मंगळवारच्या खोलीपेक्षा जास्त चैनीची? निदान त्या खोलीचा आठवड्याचा सरासरी भाव धरून टप्पा ठरवा, एवढी मागणी तर करता येईल.

बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगायला लागलो. ती म्हणाली, "दादा, लोखंडे राहू दे, बुक करू की नको ते सांग." शेवटी तिनेच मार्ग काढला. महिन्याचा चौथा शनिवार, मेव्हण्यांनी त्या दिवशी रजा टाकायची, सकाळी लवकर निघून रात्री घरी परत. हॉटेल नाहीच. गुरुवारची सुट्टी असताना शनिवारी रजा कशाला, असं साहेबांनी मेव्हण्यांना विचारलं म्हणे.