स्तनातील गाठींची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी

स्तनातील गाठींची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी ही शिरेतून अतिसूक्ष्म वायुबुडबुडे टोचून गाठीचा रक्तपुरवठा पाहण्याची प्रतिमांकन पद्धत होय. साध्या सोनोग्राफीत गाठीचा आकार, कडा व अंतर्रचना दिसते. या पद्धतीत गाठीतील बारीक वाहिन्यांमधून रक्त कसे फिरते, हेही कळते.

पार्श्वभूमी
कर्करोगाच्या गाठीची वाढ नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीवर अवलंबून असते, अशी मांडणी अमेरिकन शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये केली. या वाहिन्या वेड्यावाकड्या व असमान असतात. त्यांतील मंद प्रवाह डॉप्लर तपासणीत अनेकदा टिपला जात नाही. रक्तातील बुडबुड्यांमुळे प्रतिध्वनी तीव्र होतो, हे रेमंड ग्रॅमिअक व प्रवीण शाह यांनी हृदयाच्या तपासणीसंदर्भात १९६८ मध्ये नोंदवले होते.

कार्यपद्धती
बुडबुड्यांचे कवच बहुधा फॉस्फोलिपिडचे असते व आत सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुरोब्युटेन हा वायू असतो. त्यांचा आकार साधारणतः तांबड्या रक्तपेशीएवढा किंवा त्याहून लहान असल्याने ते केशवाहिन्यांतून जातात, परंतु वाहिनीबाहेर झिरपत नाहीत. कमी तीव्रतेच्या ध्वनिलहरींनी ते आकुंचन-प्रसरण पावून मूळ वारंवारतेच्या पटीतील लहरीही परत पाठवतात. यंत्र या लहरी ऊतींच्या प्रतिध्वनींपासून वेगळ्या करते. वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत.

निदानातील उपयोग
कर्करोगाच्या गाठीत कॉन्ट्रास्ट बहुधा विषम पसरतो, मध्ये रक्तहीन भाग दिसतात आणि उजळलेले क्षेत्र साध्या प्रतिमेतील गाठीपेक्षा मोठे भासते. साध्या गाठीत ते बहुधा एकसारखे व रेखीव कडांचे असते. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या केमोथेरपीला गाठ कसा प्रतिसाद देते, हे पाहण्यासाठीही या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत द्रव्य टोचून काखेतील पहिल्या लसीकाग्रंथीचा मागही काढता येतो.

मर्यादा
वरील लक्षणे सरमिसळ स्वरूपातही आढळतात. दाहामुळेही रक्तपुरवठा वाढतो, तर काही कर्करोगांत तो कमी असतो. एका वेळी सहसा एकच गाठ तपासता येते आणि निष्कर्ष तपासनिसाच्या कौशल्यावर अवलंबून असतो. क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे ही पद्धत मॅमोग्राफी वा बायॉप्सीची जागा घेत नाही. संशयास्पद गाठीचे निश्चित निदान ऊतीचा तुकडा तपासूनच होते.