परतीचा प्रकाश

दूरच्या दोन घड्याळांची वेळ जुळवण्याचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी हाताने वाहून नेलेली क्रोनोमीटर, मग तार, रेडिओ, उपग्रह आणि आता लेसर. ही मांडणी मला अपुरी वाटते. संकेत किती लवकर पोहोचतो यापेक्षा वाटेत त्याचा किती वेळ गेला हे कळते की नाही, हा या विद्येतला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वेगात नव्हे, तर उलट दिशेने संकेत पाठवण्यात सापडले, आणि तेही लेसरच्या कितीतरी आधी.

१८२५ च्या जुलैमध्ये ग्रीनिच आणि पॅरिस यांच्या रेखांशांतला, म्हणजेच स्थानिक वेळांतला, फरक काढण्यासाठी मधल्या ठिकाणांहून रात्री अग्निबाण सोडले गेले. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्या कामात होते. बाण फुटल्याचा उजेड दिसला की निरीक्षकांनी आपापल्या घड्याळातला क्षण टिपायचा, एवढीच रीत. इथे परतीच्या संकेताशिवाय काम भागलेच की, असे कोणी म्हणेल. भागले खरे, पण शंभर किलोमीटर जायला प्रकाशाला सेकंदाचा तीन हजारावा भाग पुरतो, आणि डोळ्याने पाहून ठोका मोजणाऱ्या माणसाची चूक त्याहून कितीतरी मोठी असते. विलंब त्या चुकीखाली झाकला गेला होता. त्याला उघडे पाडले ते तारेने. १८६६ मध्ये अटलांटिकखालून केबल गेली, तेव्हा बेंजामिन गूल्ड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांची घड्याळे ताडून पाहिली. केबलमधून संकेत जायला सेकंदाचे काही दशांश लागत, आणि एका सेकंदाची चूक विषुववृत्तावर साडेचारशे मीटरहून अधिक भरते. म्हणून संकेत दोन्ही बाजूंनी पाठवले गेले. जाताना विलंब घड्याळांतल्या फरकात मिळवला जातो, येताना वजा होतो. दोन्ही नोंदींची सरासरी काढली की तो उरतच नाही. विलंब किती, हे आधी ठाऊक असण्याची गरजच राहत नाही. मला ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. १८७० च्या दशकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणानेही तारेच्या संकेतांवरूनच रेखांश ठरवले.

मग लेसरने नवे काय केले? फ्रिक्वेन्सी कोंब, म्हणजे समान अंतराने स्पंद सोडणारा लेसर, नसता तर आजची अचूकता अशक्य होती, हा आक्षेप मला मान्य आहे. त्या शोधासाठी हॅन्श आणि हॉल यांना २००५ चे नोबेल मिळाले ते योग्यच. पण कोंब काटेकोर स्पंद देतो, वाटेतली हवा स्थिर करत नाही. तापलेल्या हवेतून जाणाऱ्या किरणाचा विलंब सतत बदलत असतो. कोलोरॅडोतील बोल्डर इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४ किलोमीटरच्या खळबळत्या हवेतून दोन घड्याळे फेम्टोसेकंदाच्या पातळीवर जुळवली. एका फेम्टोसेकंदात प्रकाश स्वतः मिलिमीटरचा तीन हजारावा भागच पुढे सरकतो! हे साधले कारण दोन्ही दिशांचे किरण एकाच वाटेने गेले. ४ किलोमीटरसाठी प्रकाशाला १३ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात हवा बदलायला सवडच मिळत नाही. पुढे २०२२ मध्ये चिनी संशोधकांच्या हातून शिनजियांगमध्ये ११३ किलोमीटरवर, आणि २०२३ मध्ये हवाईच्या दोन ज्वालामुखी शिखरांदरम्यान जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या वाटेवर ही रीत यशस्वी झाली.

इतकी अचूकता कशाला, हा प्रश्नही विचारला जातो. जीपीएसने रोजचे व्यवहार चालतात हे खरे, पण आजची उत्तम प्रकाशीय घड्याळे त्याच्या आवाक्यापलीकडे गेली आहेत. पॅरिस आणि ब्राउनश्वाइग इथली अशी घड्याळे १४१५ किलोमीटरच्या फायबरने ताडली गेली, तेव्हा त्यांच्या जागांच्या उंचीतला फरक हिशेबात घ्यावाच लागला, कारण उंचावरचे घड्याळ जलद चालते. एका सेंटीमीटरच्या चढाने वेगात साधारण १०^-१८ एवढा फरक पडतो. अशा घड्याळांवरून सेकंदाची व्याख्या बदलायची तर खंडाखंडांतली घड्याळे अशीच एकमेकांशी ताडावी लागतील.

या युक्तीची मर्यादाही परतीच्या वाटेतच आहे. दोन्ही वाटा सारख्या असतील तरच सरासरी खरी. २०१९ मध्ये उडत्या ड्रोनवरून किरण परतवून संशोधकांनी गतीमुळे येणारी तफावत दुरुस्त करून दाखवली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेल्या एसेस या युरोपीय उपकरणसंचात लेसरचाही दुवा आहे. जमिनीवरून निघालेला स्पंद ४०० किलोमीटर वर जाईपर्यंत स्थानक सुमारे दहा मीटर पुढे गेलेले असते. तिथे जाण्याची आणि येण्याची वाट कधीच तंतोतंत सारखी नसते, आणि तो फरक गणितानेच भरून काढावा लागतो.