रबरी मोटरबोट (मासेमारी)

रबरी मोटरबोट म्हणजे हवा भरलेल्या नळ्यांच्या आधारे तरंगणारी व मागील टोकाला छोटे इंजिन बसवलेली हलकी नौका होय. हवा काढल्यावर तिची घडी करून ती मोटारीतून नेता येते. त्यामुळे धक्का किंवा बंदर नसलेल्या अंतर्देशीय जलाशयांत मासेमारी, सर्वेक्षण व पूरबचाव यांसाठी ती उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात मासेमारीसाठी अशी बोट कशी सज्ज करावी, याचे विवेचन वऱ्हाडातील, विशेषतः अचलपूर परिसरातील जलाशयांच्या संदर्भात केले आहे. समुद्रावर लाटा आणि खारे पाणी यांचा विचार प्रथम करावा लागतो. वऱ्हाडात मात्र काटे, ऊन, अवचित सुटणारा वारा आणि बोटीवरील अतिरिक्त भार हे चार धोके मुख्य आहेत.

इतिहास

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाची प्रक्रिया साधली आणि टिकाऊ रबरी वस्तू तयार करणे शक्य झाले. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातील अधिकारी पीटर हॅल्केट यांनी रबर लावलेल्या कापडाची फुगवता येणारी होडी तयार केली. १९३० च्या दशकात फ्रान्समधील झोडियॅक कंपनीने या प्रकाराला आधुनिक रूप दिले. १९५२ मध्ये फ्रेंच वैद्य आलाँ बोंबार यांनी अशाच बोटीतून एकट्याने अटलांटिक महासागर पार केला व फुगवलेल्या बोटीच्या तरंगक्षमतेविषयी लोकांचा विश्वास वाढला. बोटीबाहेर टांगून बसवायचे, म्हणजे आउटबोर्ड इंजिन, अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास बाजारात यशस्वी केले. महाराष्ट्रात पूरपरिस्थितीत बचाव पथके वापरतात त्या रबरी बोटी याच परंपरेतील आहेत.

वऱ्हाडातील जलाशय आणि मासेमारी

अचलपूर हे सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन व बिच्छन या नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांवर येथे अनेक धरणे बांधली गेली. अचलपूर तालुक्यात वझ्झरजवळ सापन प्रकल्प आणि चंद्रभागा प्रकल्प, अंजनगाव सुर्जी तालुक्यात शहानूर प्रकल्प, चांदूर बाजार तालुक्यात विश्रोळी येथे पूर्णा प्रकल्प, तर मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा प्रकल्प आहे. अकोला जिल्ह्यात महान येथील काटेपूर्णा जलाशय प्रसिद्ध आहे.

या जलाशयांत कटला, रोहू व मृगळ यांचे मत्स्यबीज सोडले जाते. त्यांखेरीज मरळ, शिंगाळा, वाम इत्यादी मासेही मिळतात. परंपरेने मासेमारी करणाऱ्यांत भोई समाज प्रमुख आहे. लाकडी डोंगा, थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब ही त्यांची नेहमीची साधने होत. ट्यूब आणि तराफा स्वस्त असले, तरी एक फाटली वा दुसरा कलंडला की माणूस थेट पाण्यात पडतो. अनेक स्वतंत्र हवाकप्पे असलेली रबरी बोट या दृष्टीने अधिक सुरक्षित असते. मात्र तिची सज्जता विचारपूर्वक केलेली असावी लागते.

बोटीची रचना व निवड

बोटीच्या कडेची नळी किमान तीन स्वतंत्र कप्प्यांत विभागलेली असावी. एक कप्पा फुटला तरी उरलेले कप्पे बोटीला तरंगत ठेवतात. दोन-तीन माणसांच्या मासेमारीसाठी सुमारे ३ मीटर लांबीची बोट पुरेशी असते. तळ प्लायवूडच्या फळ्यांचा, ॲल्युमिनियमचा किंवा उच्च दाबाच्या हवेचा असतो. फळ्यांचा तळ वजनदार, पण माशांचे काटे व गळ यांना तोंड देणारा असतो. हवेचा तळ हलका, पण अधिक जपावा लागणारा असतो.

नळीचे कापड मुख्यतः दोन प्रकारचे असते. पीव्हीसीचे कापड स्वस्त असून प्रखर उन्हात लवकर जीर्ण होते. हायपॅलॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचे कापड महाग, परंतु ऊन व इंधन यांना अधिक टिकणारे असते. दोन्हींचे डिंक निरनिराळे असतात. म्हणून बोट घेतानाच तिच्या कापडाची नोंद करून त्याच जातीचे ठिगळ व डिंक सोबत ठेवावा.

हवेचा दाब आणि ऊन

नळ्यांतील हवेचा दाब साधारणतः ०.२ ते ०.२५ बार इतका ठेवतात. नेमका आकडा उत्पादकाने दिलेलाच धरावा. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. सकाळी २५ अंशांवर ०.२५ बार दाबाने भरलेल्या नळीतील हवा ४५ अंशांपर्यंत तापल्यास तिचा दाब सुमारे ०.३३ बार होतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. काठावर उन्हात पडलेल्या गडद रंगाच्या नळीतील हवा याहूनही अधिक तापते आणि सांधे उसवण्याची भीती निर्माण होते. यावर पुढील उपाय आहेत.

• दाब नेहमी दाबमापकाने तपासावा. हाताने दाबून अंदाज करू नये.
• बोट काठावर ओढताच थोडी हवा सोडावी व ती सावलीत ठेवावी. सावली नसल्यास ओली सतरंजी वा पोते पसरावे.
• बोट पाण्यात नेल्यावर हवा थंड होऊन दाब उतरतो. तेव्हा पायपंपाने तो पुन्हा पूर्ण करावा.

इंजिन

तीन मीटरच्या बोटीला २ ते ५ अश्वशक्तीचे इंजिन पुरते. मागील उभ्या फळीवर लिहिलेल्या कमाल अश्वशक्तीपेक्षा मोठे इंजिन लावू नये. त्याच्या वजनाने व जोराने बोटीचे नाक वर उचलले जाते. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते, पण त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ५० भागांस १ भाग हे प्रमाण असल्यास एका लिटरला २० मिलिलिटर तेल पडते. यातील न जळलेला अंश पाण्यात जातो. अप्पर वर्धा प्रकल्पातून अमरावती शहराला पिण्याचे पाणी मिळते, हे लक्षात घेता अशा जलाशयांवर फोर-स्ट्रोक किंवा विजेवरचे इंजिन श्रेयस्कर होय. विजेचे इंजिन आवाज करत नाही, त्यामुळे मासे बुजत नाहीत. परंतु त्याची मोठी बॅटरी २५ किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध असेल तर ती अपेक्षेपूर्वी संपते.

इंधन काठावरच भरावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. माणूस पाण्यात पडल्यास ती ओढली जाऊन पंखा थांबतो. जाळे टाकताना व ओढताना इंजिन बंद ठेवून वल्ह्यांचा वापर करावा, अन्यथा नायलॉनचा धागा पंख्यात गुंततो.

मासेमारीची सज्जता

रबरी बोटीत कोठेही खिळा वा स्क्रू मारता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तू चिकटवून, पट्ट्याने बांधून किंवा आडव्या फळीला अडकवून बसवावी लागते.

• गळाच्या काठ्या: काठी धरणारे खोबण नळीला डिंकाने चिकटवलेल्या बैठकीवर किंवा बसण्याच्या फळीवर बसवतात. गळाची टोके बुचात किंवा नळीच्या तुकड्यात झाकलेली असावीत.
• नांगर: टोकदार आकड्यांचा नांगर टाळावा. त्याऐवजी जाड कापडी पिशवीत गुळगुळीत गोटे भरून केलेला नांगर शांत पाण्यात उत्तम काम देतो. दोरी पाण्याच्या खोलीच्या तीन ते पाच पट असावी. नांगर पुढच्या टोकाला बांधावा. मागे बांधल्यास वाऱ्यात मागून पाणी आत येते.
• मासे ठेवण्याची पेटी: शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागील व पाठीवरील काटे करवतीसारखे असतात आणि ते कापड सहज भोसकतात. म्हणून पकडलेला मासा तळावर मोकळा न सोडता थेट झाकणाच्या बर्फपेटीत टाकावा.
• मासेशोधक यंत्र: हे ध्वनिलहरींनी खोली व मासे दाखवते. त्याचा मुख्य लाभ मासे शोधण्याहून बुडालेली झाडे व खडक दिसण्यात आहे.
• बूड-आवरण: काठावर बाभळीचे काटे विखुरलेले असतात. बोट फुगवण्यापूर्वी जागा झाडून जाड ताडपत्री अंथरावी. बोट ओढत न नेता उचलून न्यावी किंवा मागील फळीला चाके लावावीत.

उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली की पूर्वी बुडालेल्या झाडांची खोडे पृष्ठभागाच्या जवळ येतात. मार्च ते जून या काळात काठालगत इंजिन अतिशय मंद ठेवणे आवश्यक असते.

भाराचा हिशेब

सज्जता वाढवण्याच्या भरात बोटीची क्षमता नकळत संपते. म्हणून निघण्यापूर्वी वजनाची यादी करणे ही सज्जतेची पहिली पायरी मानावी. उदाहरणार्थ, ४५० किलोग्रॅम क्षमतेच्या बोटीत तीन माणसे (२१०), इंजिन (२५), टाकीसह पेट्रोल (१०), बर्फपेटी (२०), जाळी व काठ्या (१०), नांगर, दोर, वल्ही व पंप (१५) आणि पाणी-शिदोरी (१०) मिळून ३०० किलोग्रॅम होतात. परतताना ४० किलोग्रॅम मासे धरल्यास ३४०. चौथा माणूस घेतल्यास ४१०, आणि पावसाचे किंवा लाटेचे ३० लिटर पाणी आत आल्यास ४४०. पाटीवरचा आकडा शांत पाणी आणि सर्व कप्पे शाबूत असताना लागू पडतो. एक कप्पा फुटला, तर वाचवते ती रिकामी ठेवलेली क्षमताच.

सुरक्षा

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. नाव लाकडी असो वा रबरी, वाहते पाणी, क्षमतेचे भान आणि जीवरक्षक जाकीट या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष करता येत नाही.

• प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट काठावरच अंगात घालून बांधावे. पोहता न येणाऱ्यासाठी किमान १०० न्यूटन उत्प्लावकतेचे जाकीट घ्यावे. ५० न्यूटनचे जाकीट पोहणाऱ्याला केवळ साहाय्य करते.
• दोन वल्ही, पायपंप, ठिगळांचा संच, पाणी उपसण्याचे भांडे, शिट्टी, विजेरी आणि जलरोधक पिशवीत भ्रमणध्वनी असावा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.
• नळीवर बसून वेगाने वळण घेऊ नये. बहुतेक माणसे याच वेळी बाहेर फेकली जातात.
• धरणाची भिंत, सांडवा व दरवाजे यांपासून दूर राहावे. पावसाळ्यात वरच्या भागात पाऊस झाल्यास येथे कोरडे असतानाही विसर्ग सुरू होतो.
• मे-जूनमध्ये दुपारनंतर वळवाचे वादळ अल्पावधीत उठते. हलकी बोट वाऱ्याने भरकटते. पश्चिमेला ढग दाटताच काठ गाठावा.
• कोठे जात आहोत व केव्हा परतणार, हे गावातील एका व्यक्तीला सांगून जावे.

कायदेशीर बाबी

यंत्रचलित अंतर्देशीय नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला. इंजिन बसवलेल्या बोटीची नोंदणी व अन्य आवश्यकता यांविषयी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी.

जलाशयातील मासेमारीचे हक्क सामान्यतः मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. छंद म्हणून गळ टाकणाऱ्यानेही संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक आहे. त्या पाण्यात बीज सोडण्याचा खर्च संस्थेने केलेला असतो आणि सभासदांची चूल त्यावर चालते. धरणावर बोट उतरवण्यासाठी जलसंपदा विभागाची अनुमतीही लागते.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील अभयारण्ये व गुगामल राष्ट्रीय उद्यान वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत; तेथील नद्यांत मासेमारी करता येत नाही. काटेपूर्णा जलाशयाला लागून अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाकडून हद्द समजून घ्यावी. स्फोटके वा विष वापरून मासे मारणे भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ नुसार गुन्हा आहे.

देखभाल

परतल्यावर बोट स्वच्छ पाण्याने धुवावी, तळाच्या फळ्यांखालील वाळू व माशांचे खवले काढावेत आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घालावी. ओली घडी बुरशी धरते. साठवणीच्या खोलीत उंदरांचा उपद्रव असल्यास बोट टांगून ठेवावी. हंगामाच्या आरंभी सर्व कप्पे फुगवून एक रात्र ठेवावे व साबणाचे पाणी लावून झडपा आणि सांधे तपासावेत. बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल वेळेवर बदलावे आणि दीर्घ काळ वापर नसल्यास टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे.

हेही पहा

• मेळघाट व्याघ्र प्रकल्प
• अप्पर वर्धा धरण
• गोड्या पाण्यातील मासेमारी
• भोई