मशीन लर्निंग धंद्यात नेमकं काय करतं?

जासईहून न्हावा-शेवा बंदराकडे जाताना कंटेनर यार्ड दिसतात. एकावर एक रचलेल्या कंटेनरपैकी खालचा हवा असेल, तर वरचे आधी हलवावे लागतात. डिझेल जळतं, ट्रकवाला ताटकळतो.

इथे मशीन लर्निंग कामाला येतं. माल कोणता, कोणाचा, कधी आला, कधी गेला, अशा जुन्या नोंदींवरून संगणक शिकतो. त्यातून तयार होतं ते मॉडेल. नवा कंटेनर किती दिवस थांबेल, याचा अंदाज ते देतं. लवकर निघणारा वर ठेवायचा.

पण अंदाज चुकला, तर उलट हलवाहलव वाढते. म्हणून काही नोंदी शिकवताना बाजूला ठेवा आणि मॉडेल त्यांवर तपासा. साध्या सरासरीनेच काम भागत असेल, तर मॉडेल हवंच कशाला?