पाहण्यासारखे काय आहे?

माझा पुतण्या शिकण्यासाठी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात गेला, त्याला आता दोन वर्षे झाली. रविवारी त्याचा फोन येतो आणि हल्लीच्या फोनवर माणसाबरोबर त्याचा मुलूखही दिसतो. एका रविवारी चालता चालता तो मला शहर दाखवत होता. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा असलेला किल्ला, तिथून राजवाड्याकडे उतरत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच दगडी घरे आणि त्यांच्यामधून आत शिरणारे अरुंद बोळ. १५८२ साली सनद मिळालेले तिथले विद्यापीठ. १७६७ च्या आराखड्याप्रमाणे वसवलेले 'नवे शहर'. नाव नवे, पण वय अडीचशे वर्षांहून अधिक! ही जुनी आणि नवी अशी दोन्ही शहरे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

तो म्हणाला, "काका, इथं बोळाच्या तोंडाशीसुद्धा त्याच्या नावाची पाटी आहे. आपल्याकडं पाहुणा आला, तर ताथवड्यात आपण त्याला दाखवायचं काय हो?"

मी इतिहासाचा मास्तर. शाळेत तीस वर्षे मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. "आपल्याकडं कारखाने आहेत," असे काहीतरी मी पुटपुटलो. तो हसला आणि विषय बदलला. माझ्या मनातून मात्र प्रश्न जाईना. पिंपरी-चिंचवडला आपण सगळेच 'उद्योगनगरी' म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ आपण असा करून टाकला आहे, की इथे पोट भरायला यावे, इतिहास पाहायला पुण्याला जावे.

उत्तराची वाट मला सापडली ती एडिंबऱ्याच्याच एका माणसाकडून. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पण पुढे नगररचनेचे विचारवंत म्हणून नावाजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबऱ्याची जुनी वस्ती दाटीची आणि गलिच्छ झाली होती. सुखवस्तू लोक केव्हाच नव्या शहरात राहायला गेले होते. गेडिस मात्र पत्नीसह त्या जुन्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. सरसकट पाडापाडी करण्यापेक्षा टिकण्यासारखे घर दुरुस्त करावे, अगदीच नाइलाज असेल तेवढेच काढावे, असे त्यांचे म्हणणे होते. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा ताब्यात घेतला. तिथे येणाऱ्याने आधी सर्वांत वर जायचे आणि गच्चीवरून शहर नीट पाहायचे. मग एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप असे करत तळमजल्यावर जगाशी ओळख करून घ्यायची. आधी आपले गाव, मग जग!

हेच गेडिस १९१४ मध्ये आपल्या देशात आले आणि गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर तो विभाग डॉ. गो. स. घुर्ये यांनी मोठा केला. शहराला हात लावण्याआधी ते समजून घ्या, हा गेडिस यांचा आग्रह होता.

म्हटले, आपणही गच्चीवर जाऊन पाहू. आमची इमारत अकरा मजल्यांची. ती उभी आहे तिथे माझ्या लहानपणी आमचे भुईमुगाचे वावर होते. एका पहाटे वर गेलो. खाली मुंबई-बंगळूर महामार्गाची गर्दी सुरू झाली होती. पश्चिमेला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, इकडे सरकारी वळूमाता प्रक्षेत्राची हिरवळ, गावठाणात नृसिंहाचे देऊळ. आणि पूर्वेला, पवनेच्या पलीकडे, चिंचवड आणि पिंपरी. मी त्या बाजूला तोंड करून उभा राहिलो.

पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. त्यांचा नेमका काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण समाधीवरचे मंदिर केव्हा बांधले, याबद्दल वाद नाही. ते तिथल्या शिलालेखातच आहे. शके १५८० मध्ये, म्हणजे १६५८ साली, काम सुरू झाले आणि पुढल्या वर्षी पुरे झाले. बांधणारे चिंतामणी महाराज. म्हणजे प्रतापगडचा प्रसंग घडला त्याच वर्षी चिंचवडचे हे मंदिर पुरे झाले. पावसाळ्यात पवनेला पूर आला, की आजही पाणी मंदिरात शिरते. पाणी ओसरले, की लोक गाळ काढतात, देऊळ धुऊन घेतात आणि पूजा पुढे चालू होते. भाद्रपदात आणि माघात इथून मोरगावला पालखी जाते. गणपतीपुढे आपण 'मोरया' म्हणतो, तो या मोरया गोसावींच्या नावाचा जयघोष आहे, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

मोरया गोसावींच्या घराण्यातल्या पुरुषांत गणपतीचा अंश आहे, असे सात पिढ्या मानले जात होते. त्यांना 'देव' म्हणत. राज्यकर्त्यांनी या संस्थानाला गावे इनाम दिली. गावांबरोबर हिशेब आले आणि हिशेबांबरोबर कागद आले. त्या कागदांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने चिंचवडच्या देवांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो १९८९ मध्ये केंब्रिजने छापला.

त्याच्याही आधी, १८०९ मध्ये, मारिया ग्रॅहॅम नावाची एक इंग्रज बाई पुण्याकडे जाताना चिंचवडला थांबली होती. तिने देवांचा वाडा पाहिला. इमारत प्रचंड, पण शोभा नाही, असे तिचे मत झाले. आत तिला देव म्हणून दिसला तो एक लहान मुलगा. त्याच्या डोळ्यांत एक विचित्र, अस्वस्थ झाक होती आणि लोक म्हणत, ती अफूमुळे आहे. पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, त्या सात पिढ्यांतले शेवटचे देव गेले. बाईंची नजर परकी होती, तिच्यात तुटकपणाही होता, हे मान्य. पण देवपणाच्या ओझ्याखाली वाकलेले ते लेकरू तिने पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला दिसते. आणि गंमत पाहा, तिचे पुस्तक १८१२ मध्ये छापले गेले ते एडिंबऱ्यात! पुतण्या ज्या गावात बसून मला 'आपल्याकडं काय आहे' असे विचारत होता, त्या गावच्या छापखान्यातून चिंचवडचे वर्णन दोनशे वर्षांपूर्वीच बाहेर पडले होते.

देवळापासून थोड्याच अंतरावर चापेकरांचा वाडा आहे. दामोदर हरी चापेकर १८६९ मध्ये चिंचवडला जन्मले. वडील कीर्तनकार. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. प्लेगचा बंदोबस्त करण्यासाठी नेमलेल्या रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले, देवघरापर्यंत जाऊ लागले, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, त्यांचे सोबती महादेव रानडे आणि बाळकृष्ण, असे तिघे चार दिवसांच्या अवधीत फासावर गेले. एकाच घरातले तीन भाऊ तेरा महिन्यांच्या आत गेले. आज त्या वाड्यात स्मारक आहे. स्मारक समितीने चिंचवडमध्येच भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुल चालवले. ते उभारणारे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

म्हणजे देऊळ राखणारे भक्त होते आणि वाडा राखणारे कार्यकर्ते होते. गच्चीवरून माझी नजर आणखी पलीकडे, पिंपरीकडे गेली आणि तिथे मात्र अडखळली.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. औषधे बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला, तेही स्कॉटलंडच्याच एका शेतकऱ्याचे चिरंजीव. तोवर हे औषध आपल्याला परदेशातून आणावे लागे. ते पिंपरीच्या माळावर तयार होऊ लागले, ही साधी गोष्ट नव्हती. १९६१ मध्ये इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार यांनी बुरशीच्या रोगांवरचे एक औषध शोधले. त्याचे नाव हामायसिन. त्यातली पहिली अक्षरे कंपनीच्या नावावरून घेतलेली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग मोटारींचे, स्कूटरचे आणि यंत्रांचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. १९९७ मध्ये आसपासची गावे शहरात घेतली आणि २००९ मध्ये आमचे ताथवडे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. या सगळ्या वाढीच्या मुळाशी जे थोडे कारखाने आहेत, त्यांतला हा एक.

माझे वडील या कारखान्यात होते. ताथवड्याहून सायकलवर पिंपरीला जात. पेनिसिलिनची बुरशी मोठमोठ्या पोलादी टाक्यांत वाढवतात. टाकीतल्या पोषक द्रवात रात्रंदिवस निर्जंतुक हवा सोडायची, उष्णता जराही ढळू द्यायची नाही. बाहेरचा एक जंतू आत शिरला, की सगळी टाकी फुकट जाते. रात्रपाळीहून आले, की वडिलांच्या कपड्यांना एक आंबूस वास येत असे. आई म्हणायची, "आले बघा, बुरशीला जोजवून." दिवसा शेत आणि रात्री टाकी, अशी त्यांनी वर्षानुवर्षे काढली. त्यांची एक वही होती. तिच्यात पाळ्यांच्या तारखा, सोबत्यांची नावे, कुणाचे लग्न, कुणाला किती उसने दिले आणि कोणत्या रात्री कोणती टाकी बिघडली, असे सगळे असे.

ती वही आज नाही. २०११ मध्ये जुने घर सोडून आम्ही या इमारतीत आलो, तेव्हा मी ती रद्दीत घातली. कोणी चोरली नाही, वाळवीने खाल्ली नाही. मी, इतिहासाच्या मास्तराने, वजनावर दिली. वर्षभराने वडिलांचे एक सोबती आले. म्हणाले, "तात्यांची वही असेल ना? आमच्या पाळीत सुरुवातीला कोण कोण होतं, ते मला आता आठवंना." मी मान खाली घातली. ते सोबतीही पुढे गेले.

गच्चीवर उभा असताना मला पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एडिंबरा ऐतिहासिक आहे ते काही दगड जुने आहेत म्हणून नव्हे. दगड आपल्याकडेही जुने आहेत. तिथे कोणीतरी पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवले, जपले, पाटी लावली. चिंचवडच्या देवांचे कागद राहिले, म्हणून त्यांच्यावर ग्रंथ होऊ शकला. वाड्याची काळजी घेणारी माणसे निघाली, म्हणून वाडा राहिला. कामगारांचा इतिहास मात्र ना शिलालेखात आहे, ना इनामाच्या सनदेत. तो घराघरांतल्या वह्यांत, गेटपासांत, पाळीच्या फोटोंत आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. आणि ती माणसे आता भराभर चालली आहेत.

पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा मी पुतण्याला म्हणालो, "पाहुणा आण. आधी त्याला गच्चीवर नेऊ, मग चिंचवडला. देऊळ दाखवू, वाडा दाखवू, आणि मग कारखान्याच्या रस्त्यानं चालत त्याला तुझ्या आजोबांची गोष्ट सांगू." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आजोबा तिथं नेमकं काय करायचे, ते मला कुणी सांगितलंच नाही."

तेव्हापासून मी दोनशे पानी वही घेतली आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी कारखान्यातल्या एखाद्या जुन्या कामगाराकडे जाऊन बसतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : पहिल्या दिवशी तुम्ही फाटकातून आत गेलात, तेव्हा बरोबर कोण होते? बहुतेकांचे डोळे तिथेच भरून येतात आणि मग नावे एकामागून एक निघतात. आतापर्यंत एकवीस जणांचे लिहून झाले आहे.

मंडळी, तुमच्याही घरात असे कोणी असेल. गाव कोणतेही असो, कारखाना कोणताही असो. माळ्यावरचे बोचके रद्दीवाल्यापुढे ठेवण्याआधी एकदा सोडून पाहा. आणि आज जेवणे झाली, की त्यांच्याजवळ बसून तेवढा पहिला प्रश्न विचारा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)