पुढे पळणाऱ्याचे ऋण

कामगार चळवळीत उभे आयुष्य गेलेल्या माणसाने या व्यासपीठावरून धावण्याच्या शर्यतींचा इतिहास सांगावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही कधी शर्यत जिंकलेली नाही. शाळाही आम्हाला लवकरच सोडावी लागली. जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहत असताना. तेथेच रद्दीतून आलेल्या एका पुस्तकात १५०० मीटरच्या एका शर्यतीची हकीकत वाचनात आली, आणि आपण एखाद्या संपाचीच हकीकत वाचीत आहोत असे वाटून गेले. तेव्हापासून हा नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

प्रथम या शर्यतींचे मर्म ध्यानात घेऊ. शंभर मीटरची धाव म्हणजे बंदुकीतून सुटलेली गोळी; मॅरेथॉन ही दमाची आणि चिकाटीची परीक्षा. या दोहोंच्या मध्ये ८०० आणि १५०० मीटरच्या शर्यती येतात. मैदानाच्या दोन फेऱ्या, किंवा पावणेचार. येथे वेग हवा तसा दमही हवा, आणि दोन्ही पुरवून पुरवून खर्चावे लागतात. निमंत्रितांच्या शर्यतींत वेग राखून देण्यासाठी एक-दोन माणसे मुद्दाम नेमलेली असतात. ती ठराविक अंतर पुढे पळतात आणि बाजूला होतात. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत असा नेमलेला माणूस नसतो. तेथे घड्याळाला पदक मिळत नाही, पहिल्या तिघांना मिळते. मग पुढे व्हावे कोणी, हा तेथला खरा प्रश्न.

पुढे होणे महागात का पडते, याला शास्त्राचा आधार आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गेलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्यम पल्ल्याच्या वेगाने पळताना सुमारे साडेसात टक्के शक्ती केवळ हवा कापण्यात खर्च होते, आणि एक मीटर मागे राहून पळणाऱ्याचा त्यातला बहुतेक खर्च वाचतो, असे त्यांना आढळले. म्हणजे पुढचा माणूस स्वतःसाठी पळतोच, पण मागच्यांसाठी वाराही अडवतो. त्यातून मागच्याला पुढचा दिसत असतो. पुढच्याला मागचे कोणीच दिसत नाही.

म्हणून अशा शर्यतीत बहुधा सारेच एकमेकांकडे पाहत राहतात आणि शेवटच्या शे-दीडशे मीटरांत जोर लावतात. ६ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनला १५०० मीटरची अंतिम शर्यत झाली, तेव्हाही बाकीच्यांचा हिशेब असाच होता. अमेरिकेचा ग्लेन कनिंगहॅम बराच वेळ पुढे होता. न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक, वैद्यकाचा अभ्यास करणारा सडपातळ तरुण, त्याच्या आसपास राहिला. आणि ३०० मीटर शिल्लक असतानाच, कोणाच्या ध्यानीमनी नसता, तो सुटला. इतरांना जाग येईपर्यंत अंतर पडले होते. लव्हलॉकची वेळ ३ मिनिटे ४७.८ सेकंद, नवा विश्वविक्रम. कनिंगहॅमने ३ मिनिटे ४८.४ सेकंद घेतले. जुना विक्रम त्यानेही मोडला, पण दुसरा येऊन. लोक याला अचानक झालेला हल्ला म्हणाले. लव्हलॉकने मात्र तो आधीच योजून ठेवला होता. अचानकपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. करणाऱ्याच्या मनात नसतो.

आता मेक्सिकोकडे येऊ, कारण आम्ही रद्दीत वाचलेली हकीकत हीच. साल १९६८. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर, हवा विरळ. १५०० मीटरचा विश्वविक्रम अमेरिकेच्या जिम रायनच्या नावावर होता, ३ मिनिटे ३३.१ सेकंदांचा, आणि तीन वर्षांत या अंतरावर तो हरला नव्हता. त्याचा अखेरचा झपाटा असा की शेवटच्या फेरीपर्यंत जो त्याच्याबरोबर राहील तो हरलाच समजावे. या उंचीवर कोणी वेगाने पळणार नाही, ३ मिनिटे ३९ सेकंदांत सुवर्णपदक मिळेल, असा त्याचा अंदाज होता. समोर केनियाचा किपचोगे केइनो. त्याच आठवड्यात १०,००० मीटरच्या शर्यतीत पोटात कळा येऊन तो मैदानाबाहेर पडला होता, आणि त्यानंतर ५,००० मीटरचे रौप्यपदक त्याने मिळवले होते. अशा थकल्या माणसाला रायनचा झपाटा रोखायचा तर एकच मार्ग होता. शेवटची फेरी येण्यापूर्वीच शर्यत संपवून टाकायची.

हे काम एकट्याचे नव्हते. बंदूक वाजताच केनियाचाच बेन जिप्चो पुढे झाला आणि पहिली फेरी त्याने ५६ सेकंदांत काढली. त्या हवेत हा वेग म्हणजे उधारीचा व्यवहार होता, आणि ती उधारी जिप्चोने स्वतःच्या अंगावर घेतली होती. दोन फेऱ्यांच्या सुमारास केइनो पुढे गेला आणि पुढेच राहिला. रायनने धावत धावत दुसरा क्रमांक गाठला. त्याची वेळ ३ मिनिटे ३७.८ सेकंद, म्हणजे अंदाजाहून चांगलीच. पण केइनो ३ मिनिटे ३४.९ सेकंदांत केव्हाच पार झाला होता. आणि जिप्चो? तो दहावा आला.

यात अन्याय झाला का? रायन एकटा होता आणि समोर दोघे होते, हे खरे. पुढे जिप्चोने रायनजवळ या डावपेचाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, अशी नोंद आहे. आम्हाला ही दिलगिरी माणूस म्हणून मोठी वाटते, पण तिची गरज होती असे वाटत नाही. जिप्चोने कोणाला अडवले नाही, कोणाला धक्का दिला नाही. पाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचे दोन धावपटू एकमेकांच्या विश्वासावर पळाले, इतकेच. शिवाय जिप्चोचेही दिवस आले. १९७२ साली म्युनिकला ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तो केइनोपाठोपाठ दुसरा आला. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदके जिंकली.

त्याच म्युनिकला ८०० मीटरमध्ये उलट नवल घडले. अमेरिकेचा डेव्ह वॉटल, डोक्यावर गोल्फची टोपी घालून, पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी रखडत होता. मग एकेकाला मागे टाकीत तो आला आणि सोव्हिएत युनियनच्या येव्हगेनी अर्झानोव्हला त्याने ०.०३ सेकंदाने हरवले. पाहणाऱ्यांना वाटले, काय हा शेवटचा झपाटा! प्रत्यक्षात वॉटलने वेग वाढवलाच नव्हता म्हटले तरी चालेल. चारही वेळा २०० मीटर त्याने २६ ते २७ सेकंदांतच काढले. पुढचे आरंभीच जोरात पळून दमले आणि त्याच्याकडे मागे आले. ज्याला आपण मुसंडी म्हणतो ती पुष्कळदा दुसऱ्यांची दमछाक असते.

पुढे पळणाऱ्यांत आपलाही एक माणूस आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीची पहिली फेरी ज्याने आघाडीवर राहून ५०.८५ सेकंदांत काढली, तो राजस्थानचा जवान श्रीराम सिंग. इलियास बाबर यांच्या हाताखाली तो तयार झाला होता. त्याच्या मागून क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना पुढे सरकला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून गेला. श्रीराम सिंग सातवा आला. त्याचा १ मिनिट ४५.७७ सेकंदांचा भारतीय विक्रम मात्र ४२ वर्षे टिकला. २०१८ साली जिन्सन जॉन्सनने तो मोडला. विक्रमांच्या यादीत हुआंतोरेनाचे नाव येते. ती पहिली फेरी कोणी ओढली, हे यादीत लिहायला जागाच नसते.

पुढे पळण्याचे हे दुखणे अजून जुने झालेले नाही. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन २०२१ साली टोकियोला केनियाच्या टिमोथी चेरुयोतच्या पाठीमागे राहिला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याला मागे टाकून १५०० मीटरचा विजेता झाला. नंतर तो स्वतः पुढे पळू लागला, आणि २०२२ व २०२३ च्या जागतिक स्पर्धांत एकेक ब्रिटिश धावपटू त्याला अखेरीस गाठून गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही वेग त्यानेच ठेवला. त्या वेगावर अमेरिकेचा कोल हॉकर ३ मिनिटे २७.६५ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम करून जिंकला, आणि वेग ठेवणारा चौथा आला.

ती शर्यत आम्ही कचेरीत चार सहकाऱ्यांसह पाहिली. तरुण मंडळी हॉकरसाठी टाळ्या वाजवीत होती. आम्हाला मात्र आमचा पहिला संप आठवला. त्या कारखान्यात गेटसभेत पहिल्यांदा तोंड उघडले ते एका पन्नाशीच्या फिटरने. तोवर सगळे एकमेकांकडे पाहत होते. तो बोलला, म्हणून बाकीचे बोलले. तो निलंबित झाला, आणि संप उभा राहिला. तीन महिन्यांनी पगारवाढीचा करार झाला. त्याला परत घेण्याचे कलम त्यात नव्हते. ते कलम धरून बसलो तर सगळाच करार मोडेल, असा हिशेब आम्ही केला. सही करणाऱ्यांत आम्हीही होतो. तो हिशेब चुकीचा होता असे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बरोबर होता असेही सांगता येत नाही. पुढे तो बाजारात भेटला, तेव्हा वाढ किती मिळाली एवढेच त्याने विचारले. आकडा ऐकून म्हणाला, “बरी झाली.”

मागे राहून जिंकणे हे पाप नव्हे. वॉटलने ते केले, हुआंतोरेनाने केले, आम्हीही केले. पण वारा कोणी अडवला हे विसरणे वेगळे. जिप्चोला त्याची पदके मिळाली. आमच्या फिटरला काही मिळाले नाही. शर्यत विजेत्याची म्हणून ओळखली जाणार, करार सही करणाऱ्यांच्या नावे राहणार. त्याला इलाज नाही. पण श्रोतेहो, पुढल्या वेळी अशी शर्यत पाहाल तेव्हा पहिल्या फेरीत पुढे कोण आहे, त्याचे नाव तेवढे विचारून ठेवा. शेवटच्या फेरीत ते कोणी सांगणार नाही.